फिटच्या गोळ्या आणि बाळाचा बेत

गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईने नाव नोंदवावे अशी अपेक्षा असते ती पहिल्या बारा आठवड्यांत. म्हणजे सगळे अगदी वेळेवर झाले, तरी नाव नोंदवेपर्यंत ज्या गोळीची भीती होती तिने आपले काम करून टाकलेले असू शकते. अपस्माराची गोळी घेणाऱ्या बाईच्या गरोदरपणाची चर्चा गरोदरपणाच्या आधीच का व्हायला हवी, ते या एका हिशेबावरून कळते.

भारतात अपस्माराचे रुग्ण एक कोटीच्या घरात असावेत असे मानले जाते. कोणी त्याला फिट म्हणते, कोणी मिरगी, कोणी आकडी. त्यांतल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मूल होऊ शकते, आणि होतेही. त्यामुळे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला वाद ‘मूल होऊ द्यावे की नाही’ हा नाही. कोणती गोळी, किती मात्रेत, कधी बदलायची आणि हे ठरवायचे कोणी, यावर तो चालला आहे. यातले पहिले दोन प्रश्न बऱ्यापैकी सुटले आहेत. उरलेल्या दोनांवर अजून एकमत नाही.

संशय ते नोंदवह्या

अपस्माराच्या औषधांमुळे बाळात व्यंग येऊ शकते, हा संशय १९६८ मध्ये रॉय मेडो यांनी ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या एका पत्रातून चर्चेत आला. ओठ-टाळू दुभंगलेल्या मुलांच्या मातांमध्ये ही औषधे घेणाऱ्या काही बायका त्यांना आढळल्या होत्या. थॅलिडोमाइड या औषधामुळे बाळांत व्यंगे आल्याचे प्रकरण ताजे होते, तरी या पत्राने फार खळबळ माजली नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या हॅन्सन आणि स्मिथ यांनी फेनिटॉइन घेतलेल्या मातांच्या मुलांमध्ये दिसणाऱ्या लक्षणांचा एक संच मांडला. फेनिटॉइन म्हणजे आपल्याकडे ‘एप्टॉइन’ या नावाने घरोघरी माहीत असलेली गोळी. मग १९८२ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरातून रोबेर आणि गिबो यांनी कळवले की, व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या मुलांत पाठीचा कणा उघडा राहण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आहे.

या सगळ्यात अडचण एकच होती. व्यंग असलेले मूल डॉक्टरांना दिसते, त्याची बातमी होते. तीच गोळी घेऊन झालेले धडधाकट मूल कोणी मोजत नाही. औषध देऊन आणि न देऊन तुलना करण्याचा प्रयोग गरोदर बायकांवर करणे नैतिकदृष्ट्या शक्यच नव्हते. त्यावर निघालेला उपाय म्हणजे नोंदवह्या. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, बाळ कसे होईल हे कळण्याआधी, बाईचे नाव, औषध आणि मात्रा टिपून ठेवायची आणि मग बाळ पाहायचे. १९९६ मध्ये ब्रिटन-आयर्लंडची, १९९७ मध्ये बॉस्टनहून चालणारी उत्तर अमेरिकेची आणि १९९९ मध्ये ‘युरॅप’ ही अनेक देशांची नोंदवही सुरू झाली. त्यांच्या मधोमध, १९९८ मध्ये, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. संजीव थॉमस यांच्या पुढाकाराने केरळची नोंदवही उघडली. पाश्चात्त्य जग आधी आणि आपण वीस वर्षांनी, असे या क्षेत्रात घडले नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत सहसा येत नाही.

औषधागणिक जोखीम

सर्वसाधारण लोकसंख्येत शंभरांतल्या दोन-तीन बाळांत जन्मतः मोठे व्यंग असते: हृदयाला छिद्र, दुभंगलेला टाळू, उघडा कणा वगैरे. युरॅपने २०१८ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त ७,३५५ गरोदरपणांचा हिशेब मांडला. त्या सर्व बायका एकच औषध घेत होत्या. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत व्यंगाचे प्रमाण १०.३ टक्के निघाले. फेनोबार्बिटोन (आपली ‘गार्डिनल’) ६.५, फेनिटॉइन ६.४, कार्बामॅझेपिन ५.५, टोपिरामेट ३.९, ऑक्सकार्बाझेपिन ३.०, लॅमोट्रिजिन २.९ आणि लेव्हेटिरासिटॅम २.८ टक्के. शेवटची तीन औषधे सर्वसाधारण प्रमाणाच्या जवळपास राहतात. इतर नोंदवह्यांचे आकडे दशांशात वेगळे असले तरी क्रम बहुधा हाच लागतो, आणि म्हणून या भागावर फारसा वाद उरलेला नाही.

मात्रेचा परिणाम याहून बोलका आहे. दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत प्रमाण ६.३ टक्के होते. १,४५० मिलिग्रॅमच्या वर ते २५ टक्क्यांवर गेले, म्हणजे चारांत एक. लॅमोट्रिजिनच्या बाबतीतही मात्रा वाढली की जोखीम वाढते. पण तिथे अडीचाचे सव्वाचार टक्के होतात, इतकेच. ‘औषध सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही ते यामुळे. व्हॅल्प्रोएटची थोडी मात्रासुद्धा लॅमोट्रिजिनच्या मोठ्या मात्रेपेक्षा जड ठरते.

व्यंग जन्मताच किंवा त्याआधी सोनोग्राफीत दिसते. बुद्धीवरचा परिणाम दिसायला वर्षे जातात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये किमफर्ड मिडोर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या ‘नीड’ या अभ्यासात मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांचा बुद्ध्यांक मोजला. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइनच्या मुलांची सरासरी १०८, कार्बामॅझेपिनच्या मुलांची १०५ आणि व्हॅल्प्रोएटच्या मुलांची ९७ होती. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या देशव्यापी अभ्यासाने दाखवले की गर्भात व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांत स्वमग्नतेच्या वर्णपटातल्या विकारांची जोखीम ४.४ टक्के होती. सर्व मुलांत ती दीड टक्का होती. या दोन अभ्यासांनंतर व्हॅल्प्रोएटवरची चर्चा वैद्यकीय नियतकालिकांतून बाहेर पडून संसद आणि न्यायालयांत गेली.

व्हॅल्प्रोएटचा पेच

इतके वाईट आकडे असताना हे औषध बंद का होत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर असे की काही प्रकारच्या अपस्मारावर त्याच्या तोडीचे औषध नाही. किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार आहे. त्यात सकाळी उठल्यावर हात झटकले जातात, हातातला कप उडतो, आणि एखाद्या जागरणानंतर मोठी फिट येते. मेंदूच्या दोन्ही बाजूंतून एकदम सुरू होणाऱ्या अशा अपस्मारांत व्हॅल्प्रोएट लेव्हेटिरासिटॅमपेक्षा सरस ठरते, असे ब्रिटनमधल्या ‘सनॅड-२’ या चाचणीने २०२१ मध्ये पुन्हा दाखवले. शिवाय ते स्वस्त आहे, जुने आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही डॉक्टरांच्या हातात बसलेले आहे.

यावर दोन भूमिका घेतल्या जातात, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिली भूमिका नियमनाची. फ्रान्समध्ये मारीन मार्टां यांनी २०११ मध्ये बाधित कुटुंबांची संघटना उभी केली. स्वतःच्या मुलांवर झालेला परिणाम लक्षात आल्यावर, डॉक्टरांना आणि कंपनीला कधी काय माहीत होते, हे त्यांनी विचारायला सुरुवात केली. पुढे फ्रेंच सरकारला भरपाईची योजना आणावी लागली. ब्रिटनने २०१८ मध्ये गर्भनिरोध कार्यक्रम लागू केला: मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रीला व्हॅल्प्रोएट द्यायचे, तर खात्रीचे गर्भनिरोधक हवे, दर वर्षी तज्ज्ञाची भेट हवी आणि जोखीम समजल्याची सही हवी. २०२० मध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीने बाधित मातांच्या तक्रारींकडे दशकानुदशके दुर्लक्ष झाले, असा कडक निष्कर्ष काढला. जानेवारी २०२४ पासून तिथे ५५ वर्षांखालील कोणालाही, स्त्री असो की पुरुष, हे औषध नव्याने सुरू करायचे तर दोन तज्ज्ञांचे एकमत लागते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या मुली-स्त्रियांना व्हॅल्प्रोएट लिहू नये, असे बजावले.

दुसरी भूमिका अपस्मारतज्ज्ञांपैकी अनेकांची, आणि काही रुग्णांचीही. त्यांना जोखीम मान्य आहे. आक्षेप आहे तो सरसकट बंदीवर. त्यांचे म्हणणे, बाईचा जीव हाही हिशेबात धरावा लागतो. अमेरिकेत २००७ ते २०११ या काळातल्या बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अपस्मार असलेल्या बायकांत रुग्णालयातल्या मृत्यूचे प्रमाण लाखामागे ८० आढळले. इतरांत ते ६ होते. सगळेच मृत्यू फिटमुळे झाले असे नाही. पण झोपेत, कोणी जवळ नसताना येणारी मोठी फिट आणि तिच्यानंतर होणारा आकस्मिक मृत्यू ही गोष्ट खरी आहे, आणि गोळ्या सोडणे हे तिचे एक ठळक कारण. युरॅपनेच गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत व्हॅल्प्रोएट बंद करणाऱ्यांचा पाठपुरावा केला. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना मोठी फिट आली, दुसऱ्या औषधावर जाणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना आणि पूर्ण बंद करणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना. बदल करणाऱ्यांना त्याचा पुरेसा फायदाही मिळत नाही, कारण चाचणी होकारार्थी येईपर्यंत नळी मिटण्याचे दिवस आलेले किंवा सरलेले असतात. घाबरून गोळी सोडली की बाळाची जोखीम फारशी कमी होत नाही आणि आईची वाढते.

माझ्या वाचनात या दोन भूमिकांतले अंतर दिसते तेवढे नाही. बदल करायचा तर तो दिवस राहण्याच्या आधी, यावर दोन्हीकडचे लोक सहमत आहेत. फरक पडतो तो, पर्यायी औषधांनी फिट थांबतच नसेल अशा मोजक्या बायकांच्या बाबतीत. नियमनवादी तिथेही दार जवळजवळ बंद ठेवतात. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की शक्य तितकी कमी मात्रा, दिवसातून दोन-तीनदा विभागून, आणि पूर्ण माहिती दिल्यानंतर तिचा स्वतःचा निर्णय. मात्रा विभागून दिल्याने बाळाला खरोखर किती फायदा होतो, याचा पक्का पुरावा मात्र कोणाकडेच नाही.

बदल कधी आणि कसा

व्यवहारात काय करायचे यावर मतभेद कमी आहेत. बेत ठरला की निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटायचे. निदान खरेच अपस्माराचे आहे का, इथपासून सुरुवात करायची; चक्कर किंवा मानसिक ताणाच्या झटक्यांवर वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या चालू असल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. काही वर्षे एकही फिट आली नसेल, तर औषध हळूहळू बंद करता येईल का, हे पाहायचे. किशोरवयातल्या त्या सकाळच्या झटक्यांच्या प्रकारात मात्र बंद केल्यावर फिट परत येण्याची शक्यता फार. दोन-तीन औषधे असतील तर एकावर येता येते का, ते बघायचे. नवे औषध हळूहळू चढवायचे, जुने हळूहळू उतरवायचे, मग काही महिने थांबून फिट आटोक्यात आहे ना याची खात्री करायची, आणि तोवर गर्भनिरोधक चालू ठेवायचे.

इथे एक गाठ आहे, ती स्त्रीरोगतज्ज्ञांच्याही नजरेतून सुटते. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही औषधे यकृताला इतके कामाला लावतात की गर्भनिरोधक गोळ्या लवकर विघटित होऊन निकामी होतात. लॅमोट्रिजिनचे उलटे: इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळीच रक्तातले लॅमोट्रिजिन जवळजवळ निम्म्यावर आणते. म्हणजे एका बाईला गोळी घेऊनही दिवस जातात आणि दुसरीला गोळी घेतल्यामुळे फिट येते. तांबीला (कॉपर-टीला) या दोन्ही अडचणी नाहीत. अमेरिकेत अपस्मार असलेल्या स्त्रियांच्या गर्भनिरोधाची एक नोंदवही आहे. तिच्यात सुमारे ६५ टक्के गरोदरपणे न ठरवता आलेली निघाली. त्याचा काही हिशेब या गाठीत असावा.

बेत करण्याआधी किती काळ फिट नसावी, याचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. नऊ महिने ते वर्षभर एकही फिट न आलेल्या दहांपैकी आठ-नऊ जणींना गरोदरपणातही येत नाही. केरळच्या नोंदवहीने हे उलट बाजूने दाखवले: दिवस राहण्याच्या आदल्या महिन्यात फिट आलेल्या बायकांची जोखीम कितीतरी पटींनी जास्त होती, आणि सगळ्यात धोक्याचे दिवस होते बाळंतपणाच्या आगेमागे तीन.

मूल होण्यालाच अडचण येते का

यावर दोन अभ्यास एकमेकांसमोर उभे आहेत. केरळच्या नोंदवहीतल्या ३७५ स्त्रियांचा पाठपुरावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मूल हवे असूनही न राहिलेल्यांचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या वर होते, आणि औषधांची संख्या वाढली तसे ते वाढत गेले: औषध न घेणाऱ्यांत ७, एक औषध घेणाऱ्यांत ३२ आणि तीन किंवा अधिक औषधे घेणाऱ्यांत ६० टक्के. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने मात्र अपस्मार असलेल्या आणि नसलेल्या बायकांत फरकच नाही असे सांगितले. दोन्ही गटांत साठ टक्क्यांना वर्षभरात दिवस राहिले. दोन्ही खरे असू शकतात. अमेरिकेतल्या बायका बऱ्याच अंशी नवी औषधे घेणाऱ्या होत्या आणि मूल हवे म्हणून स्वतःहून आल्या होत्या. केरळमध्ये फेनोबार्बिटोनसारखी जुनी औषधे आणि अनेक औषधांचे मिश्रण जास्त होते. व्हॅल्प्रोएटचा अंडाशयातल्या गाठी आणि अनियमित पाळीशी असलेला संबंध तर वेगळाच. हा विरोध मिटवणारा तिसरा मोठा अभ्यास भारतात व्हायला हवा होता, असे वाटून जाते.

नऊ महिने आणि त्यानंतरचे तीन आठवडे

गरोदरपणात शरीर औषध जास्त वेगाने बाहेर टाकते. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत हा वेग दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, सगळ्या बायकांत मात्र सारखा नाही. लेव्हेटिरासिटॅम पहिल्याच तिमाहीत घसरायला लागते. कार्बामॅझेपिन त्या मानाने स्थिर राहते. ‘मोनीड’ या अमेरिकी अभ्यासाने २०२० मध्ये दाखवले की, गरोदरपणात फिट वाढणाऱ्यांचे प्रमाण गरोदर नसलेल्यांपेक्षा जास्त नव्हते: २३ टक्के विरुद्ध २५. पण ७४ टक्के गरोदर बायकांची मात्रा वाटेत बदलावी लागली होती. लक्ष ठेवून मात्रा वाढवली, म्हणून ते प्रमाण बरोबरीत राहिले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मात्रा कशावरून वाढवायची, यावर मात्र दोन गट आहेत. अमेरिकी तज्ज्ञ गरोदरपणाआधीची रक्तातली पातळी मोजून ठेवतात आणि पुढे ठरावीक अंतराने तपासून ती त्या पातळीजवळ ठेवतात. ब्रिटनमधल्या ‘एम्पायर’ या चाचणीत पातळी घसरलेल्या २६३ बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटात पातळी बघून मात्रा बदलली, दुसऱ्यात फक्त लक्षणे बघून. फिटच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही. हवा होता तेवढा मोठा हा अभ्यास नव्हता, म्हणून दोन्ही बाजू आपापल्या मतावर आहेत. आपल्याकडे हा वाद काहीसा पुस्तकी ठरतो, कारण लॅमोट्रिजिनची पातळी तपासण्याची सोय मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाही. फिटची डायरी आणि वारंवार भेट यावरच भागवावे लागते.

बाळंतपणानंतर हेच चाक उलटे फिरते, आणि फार झपाट्याने. वाढवलेली मात्रा तशीच ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत लॅमोट्रिजिन डोक्यावर बसते: एकाचे दोन दिसतात, तोल जातो, चक्कर येते. बाळंतिणीला अशक्तपणाने होत असेल म्हणून घरचे सोडून देतात. मात्रा कशी उतरवायची, हे आठव्या महिन्यातच कागदावर लिहून द्यावे, असे अनुभवी डॉक्टर सांगतात.

बाकीचे थोडक्यात. फक्त फिटचा विकार आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही. अठरा-वीस आठवड्यांची सोनोग्राफी नीट व्हायला हवी. बाळाला जन्मतः व्हिटॅमिन के द्यायचे. अंगावर पाजायला हरकत नाही, उलट पाजावेच. ‘नीड’मधल्या अंगावर प्यालेल्या मुलांचा बुद्ध्यांक सहाव्या वर्षी चार अंकांनी जास्त होता. आई फेनोबार्बिटोन घेत असेल तर बाळ सुस्त राहत नाही ना, एवढे पाहायचे.

फॉलिक अ‍ॅसिड: एक न सुटलेला हिशेब

दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे, यावर दुमत नाही. किती, यावर आहे. ब्रिटनमध्ये पाच मिलिग्रॅम देण्याची पद्धत आहे. तिचा आधार १९९१ ची एक चाचणी: चार मिलिग्रॅममुळे कण्याचे व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले होते. पण त्या बायकांना आधी तसे मूल झालेले होते. त्या अपस्माराच्या रुग्ण नव्हत्या. ‘नीड’मध्ये फॉलिक अ‍ॅसिड वेळेत घेतलेल्या मातांच्या मुलांच्या बुद्ध्यांकाची सरासरी १०८ आणि न घेतलेल्यांच्या मुलांची १०१ होती. मात्रा वाढवल्याने फायदा वाढतो असे मात्र ठामपणे दिसले नाही. २०२२ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनच्या नोंदींतून एक अस्वस्थ करणारी गोष्ट निघाली: अपस्मार असलेल्या ज्या मातांनी मोठी मात्रा घेतली, त्यांच्या मुलांत कर्करोग पावणेतीन पट आढळला. प्रत्यक्ष आकडे लहान आहेत, मोठ्या मात्रेच्या गटातही दीड टक्क्याच्या आतले, आणि कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. पण २०२४ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने ‘निदान ०.४ मिलिग्रॅम’ एवढेच म्हटले आणि वरची मर्यादा मोकळी सोडली, त्याला या अनिश्चिततेची पार्श्वभूमी आहे. आपल्याकडे दुकानात मागितले की सहसा पाच मिलिग्रॅमचीच गोळी हातात येते, त्यामुळे हा प्रश्न औषधकंपनीच्या वेष्टनाने परस्पर सोडवल्यासारखा झाला आहे.

टोपिरामेट, वडील आणि नवी औषधे

टोपिरामेट डोकेदुखीसाठीही दिले जाते, म्हणून त्याचा प्रश्न अपस्मारापुरता नाही. त्याने टाळू दुभंगण्याची आणि बाळाचे वजन कमी भरण्याची जोखीम वाढते, हे मान्य आहे. स्वमग्नतेबद्दल मात्र परस्परविरोधी उत्तरे आहेत. २०२२ च्या उत्तर युरोपीय अभ्यासात गर्भात टोपिरामेट मिळालेल्या मुलांत आठव्या वर्षापर्यंत स्वमग्नता ४.३ टक्के आढळली. कोणतेच औषध न मिळालेल्यांत ती १.५ टक्के होती. त्यावरून युरोपने २०२३ मध्ये टोपिरामेटलाही व्हॅल्प्रोएटसारखी बंधने घातली. लगेच २०२४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी अमेरिकी नोंदींतून सांगितले की, आईला मुळात कोणता आजार होता हे हिशेबात धरले तर टोपिरामेटची वाढीव जोखीम नाहीशी होते, व्हॅल्प्रोएटची टिकते. दोन्ही अभ्यास दर्जेदार आहेत. माझा कल सावधगिरीकडे आहे, पण दुसऱ्या अभ्यासाला खोडून काढता येत नाही.

वडिलांचा प्रश्न याहून नवा. पुरुषाने गर्भधारणेच्या आधीच्या तीन महिन्यांत व्हॅल्प्रोएट घेतले असेल तर मुलाच्या वाढीवर परिणाम होतो का? उत्तर युरोपातल्या एका अभ्यासात अशा मुलांत मेंदूच्या वाढीचे विकार सहा टक्क्यांच्या आसपास निघाले. वडील इतर औषधे घेत होते त्यांच्यात तीनच्या आसपास. त्यावर युरोपच्या औषध संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये सावधगिरीचा सल्ला दिला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या स्वतंत्र अभ्यासात असा संबंध आढळला नाही. ब्रिटनने आधी लावलेली दोन तज्ज्ञांची अट, आधीपासून औषध घेत असलेल्या पुरुषांपुरती नंतर सैल केली. डॉक्टर आज पुरुषाला ‘शंका आहे, सिद्ध नाही’ एवढेच प्रामाणिकपणे सांगू शकतात.

ब्रिव्हारासिटॅम, लॅकोसामाइड, पेरॅम्पॅनेल या नव्या औषधांबद्दल निष्कर्ष काढण्याइतकी गरोदरपणे अजून जमलेली नाहीत. क्लोबाझाम भारतात सर्रास दिले जाते, तरी त्याबद्दलही पुरावा लॅमोट्रिजिनच्या तुलनेत तोकडाच आहे.

आपल्या घरात

कायद्यात एक बदल झाला, तो महत्त्वाचा आहे. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी हा लग्नाला अडथळा मानला जात होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला. व्यवहारात मात्र मुलीला फिट येते हे स्थळाला सांगायचे की नाही, हा प्रश्न तसाच राहिला. पुण्यातल्या ‘संवेदना’सारख्या स्वमदत गटांनी लग्नाच्या गाठी उघडपणे जुळवण्याचे काम हाती घेतले, ते यामुळेच. लपवून लग्न झाले की पुढचा सगळा वैद्यकीय सल्ला कोलमडतो. गोळ्या सासरी पर्सच्या आतल्या कप्प्यात राहतात, एखादी चुकते. रात्रीच्या जागरणाला किंवा कडक उपासाला नाही म्हणता येत नाही. आणि ‘आम्ही मुलाचा विचार करतोय, गोळी बदलायची आहे’ हे वाक्य नवऱ्यासमोर तज्ज्ञाच्या खोलीत बोलताच येत नाही. लग्न झाले की लगेच गोड बातमीची अपेक्षा असते, तिथे वर्षभर थांबण्याचे कारण सांगायचे तर खरे कारण सांगावे लागते.

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत या बाबतीत दुधारी आहे. विश्रांती मिळते, झोप मिळते, रात्री बाळ घ्यायला आई असते. बाळंतिणीची झोप मोडू नये यासाठी याहून चांगली व्यवस्था कोणती? पण डॉक्टर बदलतात. सातव्या-आठव्या महिन्यापासून ते बाळ दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंतचा काळ, म्हणजे औषधाची मात्रा वाढवण्याचा शेवटचा टप्पा आणि ती उतरवण्याचे नाजूक आठवडे, नेमके नव्या गावात, नव्या दवाखान्यात जातात. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच्या मात्रेचा इतिहास माहीत नसतो आणि मेंदूविकारतज्ज्ञ पन्नास-शंभर किलोमीटरवर असतात.

ब्रिटनसारखी सही-अर्जाची व्यवस्था आपल्याकडे आणावी का, यावर भारतीय डॉक्टरांत दोन मते आहेत. आणावी म्हणणारे सांगतात की, लेखी काही नसेल तर जोखीम सांगितलीच जात नाही. विरोध करणाऱ्यांना भीती वाटते की, तालुक्याच्या ठिकाणी दुसरा तज्ज्ञ मिळणार नाही, डॉक्टर हात झटकतील आणि मुलीला काहीच औषध मिळणार नाही, किंवा तिला पुन्हा गार्डिनलवर आणले जाईल. याच्या आधी आणखी एक प्रश्न येतो, आणि तो कोणत्याच मार्गदर्शिकेने आपल्यासाठी सोडवलेला नाही: चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला पहिली फिट आली, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी व्हॅल्प्रोएट लिहिताना हा विषय तिच्या आईवडिलांशी काढायचा का? काढला तर मुलीच्या लग्नाची चिंता त्याच दिवशी घरात शिरते. न काढला तर सात-आठ वर्षांनी, लग्न ठरल्यावर किंवा झाल्यावर, तीच गोळी चालू असते आणि ती का बदलायची हे कोणालाच माहीत नसते. काही बालरोगतज्ज्ञ मुलींना सुरुवातच लेव्हेटिरासिटॅम किंवा लॅमोट्रिजिनने करतात आणि फिट थांबली नाही तरच व्हॅल्प्रोएटकडे वळतात. काही जण फिट आधी पूर्ण थांबवण्याला महत्त्व देतात, म्हणजे मुलीची शाळा बुडत नाही, आणि औषध बदलण्याची तारीख फाइलवर आधीच लिहून ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत ती तारीख पुढे कोणी वाचेल का, यावर सगळे अवलंबून आहे.